उपनगराचा कारभार आणि नागरिकाची जागा : कल्याण-डोंबिवलीच्या निमित्ताने एक आढावा

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत त्याआधीचे मतदान १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले होते. पाच वर्षांसाठी निवडायचे सभागृह इथे दहा वर्षांनी निवडले गेले आणि त्यातली निम्मी वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृह आता पुन्हा भरले आहे. अशा वेळी एका जुन्या प्रश्नाची स्थिती तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल. उपनगरात राहणाऱ्या माणसाला आपल्या रस्त्याच्या, पाण्याच्या, कचऱ्याच्या निर्णयात नेमकी कोठे आणि किती जागा आहे?

या आढाव्यासाठी कल्याण-डोंबिवली निवडण्याचे कारण असे की, उपनगरी वस्तीचे बहुतेक सगळे प्रकार इथे एकाच हद्दीत सापडतात. कल्याणसारखे जुने बंदराचे शहर आहे, चाकरमान्यांचे डोंबिवली आहे, औद्योगिक विकास महामंडळाचा पट्टा आहे, आगरी-कुणबी समाजाची जुनी गावे आहेत आणि शीळ रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या प्रचंड खासगी टाऊनशिपही आहेत. इथले वाद थोड्याफार फरकाने वसई-विरार, नवी मुंबई, पनवेल किंवा पुण्याच्या वेशीवरच्या गावांतही ऐकू येतात.

पार्श्वभूमी

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ ही शहरे आणि भोवतालची गावे एकत्र आणताना मुंबईबाहेर सरकणाऱ्या लोकसंख्येला एकसंध सेवा मिळावी, असा त्यामागचा विचार होता. पुढच्या काळात ही हद्द स्थिर राहिली नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरनाथ बाहेर पडले. २००२ मध्ये २७ गावे वगळून तिथे पुन्हा ग्रामपंचायती आल्या. जून २०१५ मध्ये तीच २७ गावे परत पालिकेत आली. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांतली १८ गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषद करायचे ठरवले, पण मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय रद्द केला.

दरम्यान देशाच्या पातळीवर मोठा बदल झाला होता. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळाले. पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांसाठी आरक्षण आणि बाराव्या अनुसूचीतले १८ विषय ही त्या दुरुस्तीची चौकट होती. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर नेले. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असेही घटनेने सांगितले. कायद्याने नागरिकाला पालिकेच्या जवळ आणण्याची सुरुवात इथून झाली.

कायद्याने दिलेल्या जागा

आजच्या कायद्यात नागरिकाला तीन जागा आहेत. पहिली अर्थातच मतपेटीची. दुसरी प्रभाग समितीची. समितीत त्या क्षेत्रातले नगरसेवक बसतात आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात. कल्याण-डोंबिवलीत अशी दहा प्रभाग क्षेत्रे आहेत. २०११च्या जनगणनेनुसार २७ गावांसह हद्दीची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, त्यामुळे एका क्षेत्राच्या वाट्याला दीड लाख माणसे येतात. त्यांच्या वतीने तीन प्रतिनिधी, ही रचनाच नागरिकांपासून दूरची आहे, असे टीकाकार म्हणतात. शिवाय या तीन जागांवर पक्षाशी जवळीक असलेल्यांची वर्णी लागते, अशी तक्रार अनेक शहरांतून होत आली आहे.

तिसरी जागा क्षेत्रसभेची. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती. त्यातून २००९ मध्ये महाराष्ट्राने महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार म्हणजे एक क्षेत्र. त्यांनी एकत्र जमावे, कामांचा अग्रक्रम सुचवावा, त्रुटी दाखवाव्यात. नगरसेवकाने ही सभा बोलवावी, अशी अपेक्षा होती. ही तरतूद बव्हंशी कागदावर राहिली.

तिची तुलना ग्रामसभेशी करावी लागते, कारण २७ गावांतल्या लोकांनी दोन्ही व्यवस्था अनुभवल्या आहेत. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या तारखा गावोगाव पाठ आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. मंदिराच्या मंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर ग्रामसेवक मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो. कोणी तरी मध्येच उठून, गटाराचे काम मंजूर झाले तर पाइप कुठे आहेत, असे विचारते. सरपंच उत्तर देतो, नाही तर आवाज चढतो. उपस्थिती पुष्कळदा तुटपुंजी असते आणि गावातली वजनदार घराणी सभा हाकतात, हेही खरे. तरीही विचारण्याची तारीख, जागा आणि लेखी नोंद या तिन्ही गोष्टी तिथे ठरलेल्या आहेत. गाव पालिकेत गेले की त्या तिन्ही एका दिवसात संपतात, आणि त्यांच्या बदल्यात क्षेत्रसभा उभी राहत नाही.

एक नगरसेवक की चार?

निवडणुकीच्या रचनेवरचा वाद सगळ्यात जुना आणि सगळ्यात चंचल. मुंबई वगळता राज्यातल्या महानगरपालिकांत २००२ च्या सुमारास तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीच्या काळात आधी एक, मग तीन असे ठरले. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा चारवर गाडी आली. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक कायम राहिला. कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये १२२ जागा होत्या आणि २०२६ मध्येही तेवढ्याच राहिल्या. फरक इतकाच की आता बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे झाले.

बहुसदस्यीय पद्धतीचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. एक, मोठ्या प्रभागात रस्ता, नाला, उद्यान यांचे नियोजन सलग होते; दोन इमारतींपुरते राजकारण करता येत नाही. दोन, एकाच प्रभागात महिला, मागासवर्गीय आणि सर्वसाधारण असे प्रतिनिधी एकत्र असल्याने प्रत्येक भागाला विविध प्रतिनिधित्व मिळते. तीन, पैसा आणि दहशत यांच्या जोरावर छोटा वॉर्ड ताब्यात ठेवणे कठीण होते.

विरोधकांचे मुद्देही तितकेच वजनदार आहेत. पन्नास हजारांच्या आसपास लोकसंख्येच्या प्रभागात प्रचार करायचा तर पक्षाची यंत्रणा हवी. सोसायटीच्या कामातून पुढे आलेली अपक्ष व्यक्ती तिथे टिकत नाही. मतदाराला चार मते द्यावी लागतात आणि बहुतेक जण चिन्ह पाहून ती देतात. निवडणुकीनंतर दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणाला विचारायचे, हे ठरत नाही. आपसात काम वाटून घेणारे नगरसेवक असतात, तसे एकमेकांकडे बोट दाखवणारेही असतात.

दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. सत्तेवर आलेल्या जवळजवळ प्रत्येक सरकारने ही रचना बदलली, त्यामुळे कोणती पद्धत चांगली हे तपासायला लागणारा अखंड अनुभव कोणत्याच पद्धतीला मिळालेला नाही.

हद्दीचा वाद

२७ गावांच्या प्रश्नाला चार दशके होऊन गेली. गावांच्या संघर्ष समितीची भूमिका अशी : आमच्या जमिनींवर शहर उभे राहिले, कर शहराचा लागला, सोयी मात्र गावाच्या राहिल्या. पाणी औद्योगिक महामंडळाच्या वाहिनीवर अवलंबून, रस्ते अपुरे, वाढलेल्या इमारतींचा भार जुन्या गटारांवर. स्वतंत्र नगरपालिका मिळाली तर आमचा पैसा आमच्याकडे राहील आणि भूमिपुत्रांचा आवाज एवढ्या मोठ्या शहरात बुडणार नाही.

पालिकेत राहण्याच्या बाजूने बोलणारे वेगळे चित्र मांडतात. ग्रामपंचायतीच्या काळात या पट्ट्यात बेकायदा बांधकामे फोफावली आणि त्यांना आवर घालणारी यंत्रणा पंचायतीकडे नव्हती. मलनिस्सारण, घनकचरा, अग्निशमन, रुग्णालय या सेवा छोट्या संस्थेला पेलत नाहीत. नव्या इमारतींत राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना शहरी सेवाच हव्या असतात. नव्याने समाविष्ट गावांना मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने लावण्याची सोय कायद्यात आहे, याकडेही ते लक्ष वेधतात.

वसई-विरारमध्ये याच वादाने अधिक तीव्र रूप घेतले होते. चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून २००९ मध्ये तिथे महानगरपालिका झाली. हरित पट्ट्यातल्या गावांनी आंदोलन उभारले, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि तो वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला. दोन्ही ठिकाणी हद्दीचा निर्णय मुंबईत, मंत्रालयात होतो. गावकऱ्यांचे म्हणणे हरकती-सूचनांच्या अर्जात उरते. गावाची हद्द ठरवताना गावाचे मत बंधनकारक असावे का, या मूळ प्रश्नाला कायद्याने अजून हात घातलेला नाही.

खासगी टाऊनशिप आणि अनेक मालकांचे शहर

राज्य सरकारने २००५ च्या सुमारास विशेष नगर वसाहतींचे धोरण आणले. किमान ४० हेक्टर सलग जमीन असेल तर विकासकाने रस्ते, पाणी, उद्याने, शाळा यांसह पूर्ण वसाहत उभारायची, बदल्यात त्याला परवानग्यांत आणि शुल्कांत सवलती मिळायच्या. २०१६ मध्ये एकात्मिक वसाहतींचे धोरण आले. डोंबिवलीजवळचे पलावा हे या प्रकारचे ठळक उदाहरण. तिथले अंतर्गत रस्ते, साफसफाई, सुरक्षा आणि उद्याने व्यवस्थापन संस्था पाहते. रहिवासी तिला देखभाल शुल्क देतो आणि पालिकेला मालमत्ता करही देतो.

या व्यवस्थेविषयी दोन मते आहेत. एक मत म्हणते, की लोकांना नियमित साफसफाई आणि पदपथ मिळतात. जे पालिकेला जमले नाही ते इथे झाले, तर तक्रार कशाची? दुसरे मत म्हणते, की शुल्क भरणारा ग्राहक आणि मत देणारा नागरिक यांत फरक आहे. व्यवस्थापनाचा ताबा विकासकाकडून रहिवाशांकडे कधी जायचा, हिशेब कोणी तपासायचे, दुहेरी भाराबद्दल करात किती सूट द्यायची, हे वाद त्यातूनच निघतात. शिवाय आतले रस्ते गुळगुळीत असले तरी बाहेर पडल्यावर शीळ रस्ता सगळ्यांना सारखाच.

तो रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. डोंबिवलीच्या निवासी औद्योगिक विभागात औद्योगिक महामंडळ, विकास केंद्राच्या नियोजनात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), स्थानकाभोवती रेल्वे, विजेला महावितरण आणि उरलेल्या सगळ्याला पालिका. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात भीषण स्फोट झाले, माणसे मेली, घरांच्या काचा फुटल्या. त्या वेळी परवानगी कोणाची, तपासणी कोणाची, भरपाई कोणाची, हे तीन प्रश्न तीन वेगळ्या दारांवर न्यावे लागले. नगरसेवक कितीही तळमळीचा असला तरी यांतल्या बहुतेक दारांमागे त्याचा अधिकार चालत नाही. स्थानिक स्वराज्याच्या चर्चेत हा मुद्दा पुरेसा येत नाही, आणि तो यायला हवा.

प्रशासकाची पाच वर्षे

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हा आधी कोविड आडवा आला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली, पुढे त्या चाचणीसाठी बांठिया आयोग आला, प्रभागरचना पुन्हा बदलली आणि प्रकरणे न्यायालयात साचत गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये आणि महानगरपालिकांचे जानेवारीत झाले.

या काळाविषयी रहिवाशांत एकमत नाही. काहींच्या मते प्रशासकाच्या काळात फाइली लवकर हलल्या, टक्केवारीची कुजबुज कमी झाली. इतरांच्या मते महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे गेल्यावर प्रश्न विचारण्याचे व्यासपीठच उरले नाही. अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर झाला. नगरसेवकाऐवजी आमदार-खासदारांच्या कार्यालयात खेटे घालावे लागले. एवढे निश्चित सांगता येते, की मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याची घटनेतली तरतूद असूनही एवढा मोठा खंड पडला, आणि तो पुन्हा पडू नये यासाठी कोणताही नवा कायदेशीर अडसर घातला गेलेला नाही.

उत्सवांतले नागरिकत्व

एवढे वाचून उपनगरी माणूस सार्वजनिक जीवनापासून तुटलेला आहे असे वाटेल, तर ते चुकीचे ठरेल. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने आबासाहेब पटवारी यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. पुढे ठाणे, गिरगावपासून राज्यभर तिचे अनुकरण झाले. पाडव्याच्या सकाळी फडके रस्त्यावर दिसतो तो सोहळा; त्याआधी कित्येक दिवस बैठका चालतात. कोणती संस्था कोणता चित्ररथ करणार, यंदाचा विषय पाण्याचा की प्लास्टिकचा, ढोलपथक कुठे थांबणार, वाहतूक कोठून वळवायची, यात्रा पुढे गेल्यावर रस्ता कोणी झाडायचा, हे सगळे वेगवेगळ्या संस्थांची माणसे एकत्र बसून ठरवतात. २०१७ मध्ये ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि त्याचे यजमानपद आगरी युथ फोरमने पेलले. हद्दीच्या वादात शहराच्या समोर उभा दिसणारा समाज इथे शहराचा यजमान होता.

उत्सवांविषयीही दोन बाजू आहेत. एक बाजू त्यांना नागरी जीवनाची शाळा मानते. अनोळखी इमारतींत राहणारी माणसे इथेच ओळखीची होतात. दुसरी बाजू मंडप, ध्वनी आणि राजकीय फलकांकडे बोट दाखवते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये रस्त्यावरचे मंडप आणि ध्वनिप्रदूषण यांबाबत सविस्तर आदेश दिले. त्यांची अंमलबजावणी दर गणेशोत्सवात नव्याने तपासली जाते. उत्सवाचा खर्च उचलणारा पुढारी पुढे उमेदवार होतो, त्यामुळे समाजकार्य आणि प्रचार यांच्यातली रेषा पुसट होते, असेही आक्षेपक म्हणतात.

मला यातला विचार करण्यासारखा धागा वेगळा वाटतो. जी माणसे यात्रेचा मार्ग, वेळ आणि वर्गणी चोख ठरवतात, तीच माणसे प्रभागाच्या अर्थसंकल्पाबाबत मात्र काही करू शकत नाहीत, आणि याचे कारण अनास्थेत शोधणे अन्यायाचे आहे. त्यातले बरेच जण सकाळची लोकल पकडतात आणि रात्री परततात. पालिकेचे कार्यालय उघडते तेव्हा ती गावात नसतात. यात्रेच्या बैठका रात्री आणि रविवारी होतात, म्हणून त्यांना माणसे येतात.

बातमी कोठून कळते

सहभागाआधी माहिती लागते. मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवण्या, स्थानिक साप्ताहिके आणि आता सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट हे उपनगरातल्या बातमीचे मार्ग आहेत. पाणी बंद, रस्ता बंद, स्फोट, निवडणूक या बातम्या त्यांतून झपाट्याने पोचतात. महासभेत कोणता ठराव झाला, कोणती निविदा कितीला गेली, विकास आराखड्यात कोणता भूखंड वगळला, या बातम्या मात्र मागे पडतात. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम असे दस्तऐवज आपणहून जाहीर करायला सांगते. वार्ताहरांची संख्या वाढवणे आपल्या हाती नसेल. सभेचे इतिवृत्त साध्या मराठीत वेळेवर प्रसिद्ध करणे पालिकेच्या हाती नक्कीच आहे.

इतरत्र काय झाले

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी पाच लाख रुपयांपर्यंतची कामे सुचवून घेतली जातात. पदपथ, बाक, बसथांबा अशी छोटी कामे त्यातून होतात. सूचना निवडण्याची पद्धत पारदर्शक नाही, अशी तक्रारही असते. मुंबईत १९९०च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनपासून वस्तीपातळीवरची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही कचरा व्यवस्थापनाची चळवळ सुरू झाली. काही वस्त्यांत ती टिकली, काहींत कार्यकर्ते थकल्यावर विरली. कर्नाटकने प्रत्येक प्रभागाला स्वतंत्र समिती देणारा कायदा केला. या सगळ्या अनुभवांतून एवढे दिसते, की ठरलेली तारीख आणि थोडा तरी निधी हाती असेल तर सहभाग तग धरतो; नुसत्या सदिच्छेवर तो फार काळ चालत नाही.

अनुत्तरित प्रश्न

काही गोष्टींवर आज बऱ्यापैकी सहमती आहे. मुदतीत निवडणूक व्हावी, प्रभागरचना वारंवार बदलू नये, एका रस्त्याला एकच जबाबदार यंत्रणा असावी, हे सत्ताधारी आणि विरोधक दोघेही जाहीरपणे म्हणतात.

मतभेद उरतात ते पुढच्या पायरीवर. क्षेत्रसभेला नुसता सल्ल्याचा अधिकार द्यायचा की निधीचा काही हिस्साही? नगरसेवकांना वाटते, की निवडून आलेल्याच्या डोक्यावर आणखी एक सभा बसेल. नागरिक संघटनांना वाटते, की त्याविना नगरसेवकाला हिशेब विचारता येणार नाही. २०२३ मध्ये स्वीकृत सदस्यांची मर्यादा पाचवरून दहापर्यंत वाढली. त्या जागा तज्ज्ञांना जातील की पराभूत कार्यकर्त्यांना? गावांचे स्वतंत्रपण आणि शहराची एकसंध सेवा यांचा मेळ एकाच पालिकेत घालता येईल का? खासगी वसाहतीचा रहिवासी आणि चाळीतला रहिवासी यांना एकाच सभेत आणणारी रचना कशी असेल?

या प्रश्नांची उत्तरे येत्या पाच वर्षांत मिळतीलच असे नाही. पण नव्या सभागृहाची दिशा ओळखायला तीन साध्या खुणा पुरतील. क्षेत्रसभेच्या तारखा जाहीर होतात का, त्या चाकरमान्याला येता येईल अशा वेळी ठेवल्या जातात का, आणि त्यांची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात का. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. २००९ पासून कायद्यात असलेली जागा नागरिकाला प्रत्यक्षात मिळाली, तर प्रभाग किती सदस्यांचा आणि हद्द कोठपर्यंत, हे वादही आजच्यापेक्षा अधिक माहितीनिशी आणि अधिक माणसांच्या संमतीने सुटू शकतील.